पानावरची शीट हलली: लिंबाच्या कुंडीतल्या नऊ जिवांचा 34 दिवसांचा अभ्यास

मुलगी सात वर्षांची. गॅलरीत लिंबाची कुंडी, झाड जेमतेम दोन फूट, शेंड्यांना नुकतीच पालवी फुटलेली. एका पानावर तिला पक्ष्याची शीट दिसली. काळपट तपकिरी, मधोमध पांढरा पट्टा, लांबी बोटाच्या नखाएवढी. दुसऱ्या दिवशी ती शीट शेजारच्या पानावर होती.

"आई, ही शीट चालते."

या वाक्याला घरातून काय उत्तर मिळते, यावर पुढचा महिनाभराचा अभ्यास उभा राहतो किंवा तिथेच संपतो. इथे आईने नाव सांगितले नाही आणि मोबाइलही काढला नाही. तिने विचारले, "चालते हे कशावरून? कदाचित दुसरी असेल." मग मुलीने त्या पानाच्या देठाला लाल दोरा बांधला. संध्याकाळी दोऱ्याचे पान रिकामे होते आणि तीन पाने सोडून वर शीट बसली होती. पानाची कडही कुरतडलेली होती. शीट पान खाते म्हणजे ती जिवंत आहे, हा निष्कर्ष तिने स्वतः काढला.

तो जीव म्हणजे लिंबाळी फुलपाखराची अळी. (मराठीत आपण सरसकट सुरवंट म्हणतो, पण तो शब्द केसाळ अळ्यांना जास्त शोभतो. हा फरक मुलांना पहिल्याच दिवशी सांगावा, कारण केसाळ सुरवंटाला हात लावल्यास खाज आणि फोड येऊ शकतात. लिंबावरची ही अळी गुळगुळीत असते आणि माणसाला काही करत नाही. झाडाचे काटे मात्र करतात.) लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि शीट कोणी खात नाही, त्यामुळे पक्ष्यांची नजर तिच्यावरून घसरते.

नऊ जीव, दोन गट

झाड पान न पान उलटून तपासले तेव्हा सहा अळ्या आणि तीन अंडी सापडली. अंडे फिकट पिवळे, मण्यासारखे गोल, साधारण 1 मिलिमीटरचे, आणि बहुधा कोवळ्या पानावर एकेकटे असते. दहापट दाखवणारे साधे भिंग इथे पुरते. भिंग डोळ्याजवळ धरायचे आणि पान भिंगाकडे आणायचे, एवढे शिकवावे लागते. मुले उलटे करतात आणि काही दिसत नाही म्हणून कंटाळतात.

सगळेच घरात आणावे अशी मुलीची इच्छा होती. वडिलांनी सुचवले की काही घरात ठेवू आणि काही झाडावरच राहू देऊ. चार अळ्या आणि एक अंडे आत आले. त्यांना 1 ते 5 क्रमांक दिले, अंडे क्रमांक 5. दोन अळ्या आणि दोन अंडी झाडावर राहिली, त्यांच्या जवळच्या देठांना वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांधले. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच. सगळे आत आणले असते तर मुलीने फुलपाखरू पाहिले असते, पण लिंबाच्या झाडावर खरोखर काय चालते ते तिला कधीच दिसले नसते.

पहिली चूक: बंद बरणी

आतल्या पाच जणांना काचेच्या बरणीत ठेवले. झाकणाला टाचणीने भोके पाडली, पाने धुऊन ओलीच आत टाकली. तिसऱ्या दिवशी बरणीच्या आतल्या बाजूला वाफ जमली होती, तळाच्या लेंड्यांवर पांढरी बुरशी आली होती आणि अळी क्रमांक 2 मऊ पडून काळी झाली होती. उचलली तर अंगातून पाणी सुटले.

टाचणीच्या भोकांमधून अळीला श्वासापुरती हवा मिळते, ओल मात्र बाहेर पडत नाही. पाने वाफ सोडतात, लेंड्यांमध्येही पाणी असते. कोंदट उबेत जिवाणू आणि बुरशी झपाट्याने वाढतात आणि अळी त्याच पृष्ठभागावर चालते, तेच पान खाते. एक आजारी पडली की तिच्या अंगातून सुटलेले पाणी बाकीच्यांना लागते. म्हणून उरलेल्यांना बाहेर काढून बरणी साबणाने धुऊन उन्हात वाळवली आणि पुन्हा अळ्यांसाठी वापरली नाही.

नवी व्यवस्था अशी केली. साधारण 30 सेंटिमीटर उंचीचा प्लास्टिकचा डबा घेतला. समोरची बाजू कापून तिथे आणि झाकणाच्या आतल्या बाजूला जाळीचे कापड चिकटवले. तळाला पांढरा कागद, रोज बदलायचा. लिंबाची डहाळी लहान बाटलीत पाण्यात उभी केली आणि बाटलीचे तोंड कापसाने गच्च बंद केले. हा कापूस विसरला तर अळी देठावरून खाली उतरते, सरळ पाण्यात जाते आणि बुडते. पाने धुतली तर पुसून पूर्ण कोरडी केल्यावरच आत जातील. डबा उजेडात असेल, पण उन्हात नाही. उन्हात ठेवलेला प्लास्टिकचा डबा थोड्याच वेळात भट्टीसारखा तापतो.

आणखी एक गोष्ट वेळेत लक्षात आली. डबा ज्या खोलीत ठेवायचा होता तिथे रात्री डास मारण्याचे लिक्विड मशीन लागत असे. डास मारणारे रसायन अळीलाही मारते. डबा दुसऱ्या खोलीत हलवला. डास पळवण्याचे क्रीम लावलेल्या हातांनी डहाळी बदलायची नाही, हेही ठरले.

दुसरी चूक: न हलणारी अळी हलवली

सहाव्या दिवशी क्रमांक 4 ची अळी एका जुन्या पानावर निपचित होती. ती खात नव्हती, जागा सोडत नव्हती. मुलीला वाटले तिला भूक लागली असेल आणि नवे पान सापडत नसेल. तिने मऊ ब्रशने अळी सोडवली आणि ताज्या पालवीवर ठेवली. दोन दिवसांनी ती मेली होती.

अळीची कातडी वाढत नाही. अंग वाढले की कात टाकावी लागते आणि कोश होईपर्यंत असे चार वेळा घडते. त्याआधी साधारण एक दिवस ती खाणे थांबवते, पानावर रेशमाची बारीक गादी विणते आणि मागच्या पायांच्या आकड्यांनी त्या गादीला जुनी कातडी घट्ट अडकवते. मग पुढून कातडी फाटते आणि ती पुढे सरकत त्यातून बाहेर येते, अडकलेल्या मोज्यातून पाय ओढून काढावा तशी. गादीवरून उपटली की कातडी धरून ठेवायला काही उरत नाही. अळी पुढे गेली की कातडीही तिच्याबरोबर ओढली जाते.

मेलेली अळी फेकली नाही. भिंगाखाली पाहिले तर डोक्याचे जुने टोपण नव्या तोंडावर तसेच अडकलेले होते. मुलगी रडली. "ती झोपली" वगैरे तिला कोणी सांगितले नाही. काय अडकले आणि का, ते दाखवले. हे कठीण वाटते, पण खरे कारण कळले की मूल त्यातून स्वतःचा नियम बनवते. तिने डब्यावर चिठ्ठी लावली: "जी हलत नाही तिला हलवायचं नाही." या नियमामुळे क्रमांक 1, 3 आणि 5 बहुधा वाचले, कारण त्यानंतर प्रत्येक जण निदान दोनदा तसा निपचित बसला.

हलवण्याची खरी गरज पडली तर अळी बसलेला पानाचा तुकडा कात्रीने कापायचा आणि तो नव्या पानाला टेकवून ठेवायचा. ती स्वतः चालत जाते. खेचू कधीच नये. मागच्या पायांना आकडे असतात आणि ओढल्यास ते फाटतात.

क्रमांक 5 चे अंडे तिसऱ्या दिवशी फुटले तेव्हा हीच युक्ती लागली. अंड्याचे पान तोपर्यंत सुकले होते. नवजात अळी जेमतेम 3 मिलिमीटरची. तिने आधी अंड्याचे कवच खाल्ले. पण जून, जाड पान तिच्या जबड्याला चावत नाही. शेंड्याचे कोवळे पान आणून त्याला तो सुकलेला तुकडा टेकवला, तेव्हा ती पलीकडे गेली. लहान अळ्या उपाशी मरण्याचे हे नेहमीचे कारण आहे: पाने भरपूर असतात, पण सगळी जून.

लेंड्यांचा कागद

फुलपाखराइतकेच, किंबहुना जास्त, या मुलीने लेंड्यांतून शोधले.

तळाचा कागद रोज संध्याकाळी बदलायचा असल्याने लेंड्या हाताशी येत. तिने त्या ब्रशने कागदावर आकारानुसार रांगेत लावल्या. सुरुवातीच्या खसखशीएवढ्या, मग मोहरीएवढ्या, शेवटी मिऱ्याएवढ्या. लेंडीच्या आकारावरून अळी किती मोठी आहे हे सांगता येते, हे तिला कोणी शिकवले नव्हते. वडिलांनी फक्त त्या कागदावर तारीख घालायला सांगितले.

बाराव्या दिवशी ती कुंडीपाशी गेली आणि झाडावरच्या दोनपैकी एक अळी कुठेच दिसेना. तिने वर शोधणे थांबवून खालची पाने पाहिली. एका पानावर मोठ्या, ताज्या, हिरवट काळ्या लेंड्या पडल्या होत्या. सरळ वर पाहिले तर पानाच्या उलट्या बाजूला अळी. घरात कागदावर कळलेली गोष्ट तिने बाहेर झाडावर वापरली. अळ्या शोधणारे अनुभवी निरीक्षकही असेच करतात, आधी लेंडी, मग अळी.

लांबीच्या नोंदीही ठेवल्या. पट्टी अळीला लावायची नाही, शेजारी धरायची, आणि अळी सरळ ताणलेली असतानाच वाचायची. आखडलेली अळी बरीच आखूड भरते. क्रमांक 1 पहिल्या दिवशी 10 मिलिमीटर होती, चौदाव्या दिवशी 38. या काळातले बहुतेक खाणे शेवटच्या पाच-सहा दिवसांत झाले, आणि तिथेच पालाही संपत आला. दोन फुटी कुंडीतले झाड इतक्या अळ्यांना पुरत नाही. इमारतीच्या अंगणातल्या लिंबाची पाने आणली, पण आधी त्या झाडावर फवारणी होते का, हे विचारून घेतले. नर्सरीतून नुकतेच आणलेले रोप या कामासाठी धोक्याचे, कारण काही कीटकनाशके मुळांवाटे रसात शिरतात आणि पान कितीही धुतले तरी जात नाहीत. ज्या झाडावर आधीच जिवंत अळ्या दिसतात, त्याची पाने सगळ्यांत भरवशाची.

नवव्या दिवशी सकाळी क्रमांक 1 च्या जागी हिरवीगार अळी होती. "कोणीतरी बदलली," मुलीची तक्रार. आईने पुरावा मागितला, तेव्हा तिला कागदावर एक चकचकीत काळसर टोपण सापडले, टाचणीच्या डोक्याएवढे. कात टाकल्यावर अळी कातडी बहुधा खाऊन टाकते, डोक्याचे टोपण मात्र गळून पडते. क्रमांक 4 च्या तोंडावर अडकलेले तिने पाहिले होतेच, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही.

शिंगे, डोळे, पाय

अळीला डिवचले की डोक्यामागून नारिंगी, दुबेळक्याच्या आकाराचे मऊ शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. मुलीने त्याला जीभ म्हटले. बाजूने भिंग धरून पाहिल्यावर तोंड खाली आणि शिंग वरच्या बाजूला, हे तिनेच दुरुस्त केले. मुंग्या आणि छोट्या भक्षकांना हाकलण्याचे ते साधन आहे. दिवसातून एकदाच डिवचायचे असे ठरवून दिले, नाहीतर मुले गंमत म्हणून वीसदा करतात आणि अळीचे खाणे थांबते.

पाठीवर पुढे दिसणारे "डोळे" खोटे आहेत. खरे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा बारीक ठिपके. पायांची मोजणी तीनदा चुकली. पुढे खऱ्या पायांच्या तीन जोड्या, मागे मांसल खोट्या पायांच्या पाच. फुलपाखरात फक्त पहिले सहा उरतात.

कोश

चौदाव्या दिवशी क्रमांक 1 ने बरेच पातळ द्रव बाहेर टाकले आणि ती डब्यात सैरावैरा फिरू लागली. घरचे घाबरले, कारण क्रमांक 2 च्या अंगातूनही पाणी सुटले होते. फरक असा ओळखावा: कोशापूर्वीची अळी एकदाच पोट रिकामे करते, मग जोमाने चालते आणि अंग आक्रसते. आजारी अळी लुळी पडते, रंग काळवंडतो, दुर्गंध येतो.

क्रमांक 1 आणि नंतर 5 यांनी डहाळीवर जागा निवडली. शेपटीकडचे टोक रेशमी गादीत रोवून, कमरेभोवती एक धागा घेऊन, तिरक्या टेकून. दोन्ही कोश हिरवे. क्रमांक 3 ने डब्याचे झाकण निवडले आणि कोणी न पाहता झाकण उघडले. धागा तुटला, कोश खाली पडला. हा कोश मात्र तपकिरी होता.

पडलेला कोश वाया जात नाही, फक्त तसाच आडवा ठेवू नये. फुलपाखराला बाहेर आल्यावर वर चढून पंख खाली लोंबकळत ठेवावे लागतात. आडव्या, गुळगुळीत जागेत ते चढू शकत नाही आणि पंख चुरगळलेलेच वाळतात. खरखरीत कागदाचा शंकू करून डब्याच्या जाळीला लावला, कोश त्यात शेपटी खाली आणि डोके वर असा सैल ठेवला, डोके शंकूबाहेर येईल इतपत. एक दिवस आधी कोश कडक होऊ दिला होता. ताजा कोश इतका मऊ असतो की बोटाच्या दाबानेही फुटतो.

पंचविसाव्या दिवशी सकाळी क्रमांक 1 चा कोश काळपट झाला आणि कवचातून पंखांवरचे पिवळे ठिपके दिसू लागले. तासाभरात फुलपाखरू बाहेर आले. पंख ओल्या चिंधीसारखे. ते जाळीवर चढले आणि पंधरा-वीस मिनिटांत पंख पूर्ण उलगडले. सोंड सुरुवातीला दोन वेगळ्या अर्ध्या भागांत असते. ती गुंडाळत-उलगडत दोन्ही जोडून घेताना भिंगाने दिसली. कागदावर लालसर थेंब पडला, तो रक्त नव्हे, कोशात साठलेला टाकाऊ द्रव. तीन तास हात लावला नाही. मग डबा गॅलरीत नेऊन उघडला.

झाडावर काय झाले

बाहेरच्या चौघांपैकी एकही फुलपाखरू झाले नाही.

एक अंडे चौथ्या दिवशी काळे पडले आणि फुटलेच नाही. फुलपाखराच्या अंड्यात स्वतःची अंडी घालणाऱ्या, गांधीलमाशीच्या जातीतल्या अतिसूक्ष्म माश्या असतात, काळे पडणे ही त्यांची खूण. दुसऱ्या अंड्यातून अळी निघाली आणि आठवड्याभरात नाहीशी झाली. मुलीच्या वहीत त्या दिवसापुढे "माहीत नाही" असे आहे. मोठ्यांनी तिथे "पक्ष्याने खाल्ली" असे भरायला लावले नाही हे फार चांगले केले. मोठ्या दोन अळ्यांपैकी एकीला गांधीलमाशीने पानावरच चावून गोळा केले आणि उचलून नेले. मुलीने ते अथपासून इतिपर्यंत पाहिले.

चौथी, म्हणजे जिचा माग लेंड्यांवरून लागला होता ती, सोळाव्या दिवशी खोडावर कोश झाली. त्याच दिवशी 2-3 मिलिमीटरची, धातूसारखी चमकणारी एक माशी कोशावर बराच वेळ बसलेली दिसली. कोश मऊ असतानाच ती त्यात अंडी घालते. आठवड्याने कोश मळकट तपकिरी झाला. मुलीला वाटले फुलपाखरू येणार. पण ठिपके दिसत नव्हते, आणि गवताच्या काडीने हळूच स्पर्श केल्यावर कोशाचा मागचा भाग वळवळला नाही. जिवंत, निरोगी कोश वळवळतो. आईने कोशावर दाट विणीच्या पातळ कापडाची पिशवी बांधली. साध्या जाळीतून इतक्या लहान माश्या निसटल्या असत्या.

तेहेतिसाव्या दिवशी पिशवीत माश्याच माश्या होत्या. साठपर्यंत मोजून मुलीने सोडून दिले. कोशाला टाचणीने पाडल्यासारखी दोन भोके होती.

मुलगी चिडली. त्या मारून टाकायच्या का, असे तिने विचारले. वडिलांनी तिला लेंड्यांचे कागद काढायला लावले आणि एकट्या क्रमांक 1 ने किती पाने संपवली ते मोजायला सांगितले. झाडावरच्या सगळ्या अळ्या जगल्या असत्या तर पाने किती उरली असती, हा हिशोब तिने स्वतःच केला. पिशवी कुंडीपाशी नेऊन उघडली. या माश्या माणसाला डसत नाहीत.

वहीच्या शेवटी तिने लिहिले: "घरात पाचातले तीन, बाहेर चारातला एकपण नाही. घरात ठेवलं तर वाचतात." नऊ जिवांवरून असा नियम काढणे घाईचे आहे. शिवाय घरातली दोन मरणे शत्रूंमुळे नव्हती, ती बरणी आणि ब्रश यांमुळे होती. आईने ते वाक्य खोडले नाही. त्याखाली प्रत्येक मरणाचे कारण लिहायला सांगितले. यादी झाल्यावर मुलीने आपल्या वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह घातले.

क्रमांक 5 एकतिसाव्या दिवशी उडाले. त्याआधी अठ्ठाविसाव्या दिवशी शंकूतला क्रमांक 3 बाहेर आला, पंख नीट उघडले. दोन कोश हिरवे आणि हा एकच तपकिरी का, हा प्रश्न मात्र राहिला. कोशाचा रंग तो कशावर आणि कशाच्या शेजारी बनतो त्यावर बदलतो. हिरव्या पाल्यात बहुधा हिरवा, खरखरीत कोरड्या काडीवर तपकिरी. चौतिसाव्या दिवशी कुंडीत नवी अंडी दिसली आणि मुलीने दोन डबे मागितले, एकात नुसत्या पानांच्या डहाळ्या, दुसऱ्यात सुक्या काड्याही. काड्या कोश दिसल्यावर आत ठेवून उपयोग नाही. रंग ठरतो तो अळी जागा शोधत फिरते आणि धागा बांधून बसते त्या काळात. त्यामुळे अळी हिरवी झाली त्याच दिवशी काड्या आत जायला हव्यात.